लॅमिनेशन केलेला ईसीजी

कोल्हारच्या घरी दुपारचे चार वाजले की वडील धारा काढायला उठत. गोठा रिकामा होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना माझं नाव आठवत नसे, धारेची वेळ मात्र बरोबर कळे. अडवलं की शिवीगाळ. त्या आठवड्यात तर त्यांनी आईचा हात असा पिरगळला की मनगट टम्म सुजलं.

मी दोघांना घेऊन नगरला डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, "काहीही द्या, पण यांना शांत करा."

"हार्ट अटॅक येऊन गेलाय ना? अशा काही गोळ्यांनी ठोक्यांची लय बिघडते. जुना ईसीजी दाखवा, आजचा काढू, मग ठरवू."

आमच्याकडे महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेशन. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, सगळं प्लॅस्टिकमध्ये. अटॅकनंतरचा ईसीजीही मीच मोठ्या हुशारीने झेरॉक्सवाल्याकडे नेला होता. त्या कागदाला उष्णता चालत नाही हे मला कुठे ठाऊक! तो यंत्रातून काळाठिक्कर बाहेर आला. मी कुणाला काही न सांगता तसाच फाईलला लावून टाकला. आता डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला आणि माझी मान खाली गेली.

नवा काढायला घेतला, तर वडील छातीवरच्या वायरी उपटून फेकू लागले. शांत करायला गोळी हवी, गोळीसाठी ईसीजी हवा आणि ईसीजीसाठी माणूस शांत हवा. माझं डोकंच फिरलं.

"राहू द्या तो ईसीजी. गोळी लिहा, होईल ते होईल."

हे मी बोललो. आजही त्याची लाज वाटते.

आई उठली. सुजलेला हात वडिलांच्या खांद्यावर ठेवून हळूच म्हणाली, "अहो, गाय अजून पान्हावली न्हाई. हलू नका, बुजंल ती."

वडील श्वास रोखल्यासारखे पडून राहिले. ईसीजीची पट्टी नीट निघाली.

डॉक्टरांनी तिच्यावरचे बारीक चौकोन मोजले आणि नकारार्थी मान हलवली. "शांत करायला देतो ती नेहमीची गोळी यांना धोक्याची आहे. दुसरी देतो, अगदी कमी. पण तिने लगेच फरक पडणार नाही. हात सांभाळा."

"हाताचं काय, बरा हुईल," आई म्हणाली. "ह्यांचं काळीज बंद पडलं तर काय करू?"

पट्टी घ्यायला मी हात पुढे केला. आईने ती माझ्याआधी उचलली, घडी करून पिशवीत ठेवली.

"ही माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.