महेंद्रची गोठ्यातली नोकरी

साताऱ्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या भामाबाई मनोरुग्णांना कामाला लावायच्या आणि काम टिकावं म्हणून मालकांशी कचाकचा भांडायच्या. महेंद्रला भास व्हायचे. औषधांनी ते कमी झाले, तरी कानातल्या आवाजांना तो मोठ्यानं उत्तरं द्यायचाच. त्यापायी हॉटेलातलं काम सुटलं, शिंप्याकडचंही. त्र्याण्णव साली बाईंनी त्याला फलटणला हंबीररावांच्या गोठ्यात नेलं.

"म्हशींपाशी समदीच बोलत्यात," त्या म्हणाल्या.

महिन्याभरानं बाई चौकशीला गेल्या. महेंद्र औषधं आणायला साताऱ्याला गेला होता आणि त्याच्या हातची म्हैस काही केल्या पान्हवत नव्हती. एकेकाळी फौजेत असलेले हंबीरराव तिच्या कानाशी वाकून महेंद्रसारखे स्वतःच प्रश्न विचारत होते, स्वतःच उत्तरं देत होते.

बाईंना बघून ते ओशाळले.

"आवं, त्याची औषधं हितंच आणून देत जावा की."