एक इंच मोकळी जागा

जगात जी वस्तू पेटू शकते तिच्यावर माझ्या बायकोच्या मामांचा विश्वास नाही, आणि जी पेटू शकत नाही तिच्यावर तर त्याहून नाही. वाळूजच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं ते भट्टीवर होते. लोखंड लालबुंद करायचं, ठरल्या वेळी बाहेर काढायचं आणि तेलात बुडवायचं, एवढंच काम. पण या कामानं त्यांना आगीची अशी काही ओळख करून दिली की ते तिच्याबद्दल एखाद्या भांडखोर भाऊबंदाबद्दल बोलावं तसं बोलतात. "गरीब दिसती हो ती. पण पाठ फिरवू नका," असं ते मला पहिल्या भेटीत म्हणाले, तेव्हा मला वाटलं, भाचीबद्दलच सावध करताहेत.

मामांच्या खिशात कायम मोजपट्टी असते. आमच्या लग्नात होम पेटायच्या आधी त्यांनी कुंडापासून मांडवाच्या झालरीपर्यंतचं अंतर मोजलं, भटजींना मंत्र थांबवायला लावून झालर वर बांधून घेतली आणि मग हात वर करून परवानगी दिली. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सप्तपदीच्या आधीची दहा मिनिटं नुसते मामा आहेत. भाऊबीजेला बहीण ओवाळायला आली की ते मान मागं घेतात आणि "अक्का, ताट जरा लांब. मिशा हायेत मला," असं दरवर्षी सांगतात. कुठल्याही घरात शिरले की पाणी प्यायच्या आधी उलटा हात लावत फिरतात: फ्रिजच्या मागं, चार्जरला, गिझरला. एकदा आमच्याकडं त्यांनी असाच हात सोफ्यावर डुलकी घेणाऱ्या माझ्या साहेबांच्या टकलालाही लावला. साहेब दचकून उठले, तेव्हा मामा मला म्हणाले, "तापलेत थोडे. पण चालंल." साहेब महिनाभर माझ्याशी तुटक वागत होते.

अशा माणसानं घरात चूल बसवायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला त्यांच्या प्रकृतीचीच काळजी वाटली. कारण होतं मामींचं. मामा नोकरीभर वाळूजला खोली करून राहिले आणि मामी सोयगावजवळच्या गावात शेती सांभाळत राहिल्या. रविवारच्या सुट्टीला मामा एसटीनं जायचे, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं भाकरी बांधून घेऊन परत. सगळा संसार असा बसच्या वेळापत्रकावर झाला. निवृत्तीनंतर मामांनी शहरात, गारखेड्याला छोटं घर घेतलं, शेत पुतण्याकडं दिलं आणि गुडघ्यांच्या उपचारासाठी म्हणून मामींना आणलं ते कायमचंच. पण मामींचं मन काही लागेना. गावाकडून आणलेली पिशवी त्यांनी दाराच्या खिळ्याला टांगली होती ती काही उघडेनात. गॅसवरची भाकरी त्यांना भाकरी वाटेना. अर्धी खायच्या आणि ताट सारायच्या. हिला त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं, "मला नाय करमत इथं. मी आपली जाते माघारी. हे ऱ्हातील की, सवय हाय त्यांना एकट्यानं ऱ्हायची."

हे मामांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मोजपट्टी काढली.

मागच्या पत्र्याच्या खोलीत चूल बसवायची ठरली. वाळूजच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी चूल करून घेतली. मामींना खाली बसता येत नाही म्हणून ओट्याइतकी उंच, वर धुराचं नळकांडं. अडचण एकच होती. त्या खोलीची एक बाजू प्लायची होती आणि प्लायपलीकडं मामींची धान्याची कोठी. मामांच्या हिशेबानं चूल प्लायपासून दोन हात लांब ठेवायची तर ती थेट दारात येत होती. मग त्यांनी मध्ये पत्र्याची ढाल उभी करायचं काढलं. मिस्त्री म्हणाला, "काका, पत्रा डायरेक्ट प्लायला चिकटवून टाकतो. लई मस्त दिसंल." मामांनी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि पाऊण तास समजावलं. "चिकटवला की तो तवा झाला, बाबा. तवा तापला की मागचं लाकूड भाजणारच. पत्रा आणि प्लाय यांच्यात एक इंच जागा पाहिजे. खाली चार बोटं उघडं, वर चार बोटं उघडं. खालून गार हवा शिरंल, तापून वर निघून जाईल. धग अडवती ती हवा, पत्रा नुस्ता नावाला." मिस्त्री निघताना मला हळूच म्हणाला, "काका जरा जास्तच शिकलेले दिसतात."

तो एक इंच नीट राहावा म्हणून मामांनी लोखंडी नळीचे सारखे तुकडे कापून घेतले आणि त्यातून स्क्रू घातले. लाकडाचा गुटका वापरू का, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुढं मोजपट्टीचं टोक धरण्याखेरीज काही केलं नाही. नळकांडं छतातून जातं तिथंही त्यांनी भोवती तसाच मोकळा घेर ठेवला. सगळं झाल्यावरही महिनाभर चूल पेटवायची नव्हती, कारण मामांना रोज येताजाता तिच्याकडं नुसतं बघून चुका शोधायच्या होत्या. मामी रोज तिच्यावरची धूळ पुसायच्या.

अखेर एका रविवारी सकाळी आम्हा दोघांना बोलावणं आलं. मामींनी परातीत पीठ काढून ठेवलं होतं. इतक्या उत्साहात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मामांनी बाभळीच्या चार काटक्या पेटवल्या, पाव तास वाट पाहिली आणि कोठीच्या बाजूला जाऊन प्लायला उलटा हात लावला. त्यांचा चेहरा पडला. प्लाय चांगलीच तापली होती आणि काहीतरी करपल्याचा वासही येत होता. "विझवा!" ते ओरडले आणि स्वतःच बादली ओतली. मामींनी परातीतलं पीठ सावकाश पुन्हा डब्यात ओतलं. मला ते बघवलं नाही.

दोन दिवस मामा धड जेवले नाहीत. "आख्खी जिंदगी भट्टी सांभाळली, जावईबापू, आणि हिच्यासाठी एक चूल जमंना मला," असं ते फोनवर म्हणाले. बुधवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते टॉर्च घेऊन पत्र्यामागं डोकावत होते. "तुम्ही बघा बरं. माझा चष्मा दगा देतोय." मी पाहिलं. त्या एक इंचात हवा सोडून सगळं होतं. मी एकेक ओढून काढू लागलो. गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट, दोन जुनी कॅलेंडरं, घडी घातलेल्या पिशव्या, सातबाऱ्याचा उतारा, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. पाकिटाची कड तपकिरी झाली होती.

मामांचा आवाज पार गल्लीत गेला. "हे कुणी कोंबलं? घर पेटलं असतं! कुणी कोंबलं हे?"

"म्या ठिवलं," दारातून मामी म्हणाल्या. त्या घाबरल्या होत्या, पण मागं सरल्या नाहीत. "एवढी चांगली उभी फट. मला वाटलं, माझ्यासाठीच कप्पा केला तुमी. म्हणलं, पिशवी किती दिवस टांगून ठेवायची? केली रिकामी. आता ऱ्हायचंच हाय, तर सामान लावून घ्यावं."

मामांच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, ते मला दिसत होतं. पण खाली बसून त्यांनी एकेक कागद झटकला, सरळ केला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "ऱ्हायचंच हाय म्हणतीस?" त्यांनी खाली बघतच विचारलं. मामी म्हणाल्या, "मग? कुणासाठी एवढा खटाटोप केला तुमी?" मी उगाच अंगणात जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्याच दिवशी मामांनी समोरच्या विटांच्या भिंतीवर मामींसाठी कप्पा ठोकला, अर्थात अंतर मोजून. चूल पुन्हा पेटली तेव्हा प्लाय गारच राहिली, तरी मामांनी पाच वेळा जाऊन हात लावला. मामींनी भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली, ती टम्म फुगली, आणि आम्ही सगळे लसणाच्या चटणीवर तुटून पडलो. मामी स्वतः दोन भाकरी जेवल्या. मी आणि ही त्यांच्याकडं न बघितल्यासारखं करत मोजत होतो.

जेवता जेवता मामा मला म्हणाले, "हिच्या हातची भाकरी जन्मभर फडक्यात बांधूनच खाल्ली बघा. सोमवारची सोमवारी, मंगळवारी पण सोमवारचीच." ते हसत होते, पण मला हसू येईना. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली या दोघांच्या, आणि एका घरात राहायला आत्ता कुठं सुरुवात. दोघांच्याही हाती आता किती वर्षं आहेत, असा नको तो विचार मनात आला.

एवढ्यात मामींनी तिसरी भाकरी मामांच्या ताटात टाकली. "बस, बस," म्हणत मामा घाईघाईनं उठायला लागले.

"बसा गुमान," मामी म्हणाल्या. "आता कुठली गाडी पकडायचीय तुमाला?"

मामा पुन्हा बसले आणि त्यांनी भाकरी मोडली.