मालनबाईंची लाथ

कांदिवलीच्या मालनबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. पायाळू माणसाने लाथ घातली की कंबरेची उसण पळते, या समजुतीपायी १९५४ साली अर्धी चाळ त्यांच्यापुढे पालथी पडायची. हेडक्लार्क विद्याधरपंतसुद्धा धोतर सावरत पडायचे.

एकदा बाईंचीच कंबर धरली. डॉक्टरांनी वाकवून पाहिलं, एक्स-रे काढायला लावला. "कारण काही सापडत नाही हो," ते म्हणाले.

"मग आता?"

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "कुणाला सांगू नका. मीही पायाळूच आहे."

बाई मुकाट्याने पालथ्या झाल्या. लाथ सणसणीत बसली, पण कंबर होती तशीच. दुसरी बसू नये म्हणून त्या घाईने म्हणाल्या, "झकास वाटतंय!" आपल्याला सगळे हेच का सांगतात, ते त्यांना तेव्हा उमगलं.

तीन आठवड्यांनी दुखणं आपणहून गेलं. श्रेय डॉक्टरांनी घेतलं.