गुरुजींचं स्वच्छ पान

मी बी.ए. झालो तो सौंसरच्या आमच्या गुरुजींमुळे. शाळेत डब्यात घास उरला की ते छडी दाखवत, आणि खोटं बोललं की मारत.

ते निवृत्त झाल्यावर, मी नोकरीवरून गावी आलो की पंगतीत ते माझ्या शेजारी बसत. पाणी पिताना ठसका लागला की म्हणत, "भाजी तिखट आहे." चहा पितानाही ठसका लागे, तेव्हा दोष आल्याचा. एक घास ते इतका वेळ चघळत की वाढणारा दोनदा फिरून जाई. अंगातला सदरा महिन्यागणिक सैल होत होता.

जामसांवलीच्या देवळात, गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड रोडग्यांच्या पंगतीत मी हळूच विचारलं, "गुरुजी, रोडगा कडक लागून राहिला का?"

"तू आपल्या पानात पाह्य. मी तुझ्याहून जास्त खाऊन राहिलो!"

पान खरंच स्वच्छ होतं. उठताना मात्र त्यांच्या खिशातून रोडग्याचे तुकडे खाली सांडले. वर्गात चोरी पकडली गेल्यावर आम्ही त्यांच्याकडे पाहायचो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याच हातून सांडले," असं वाढणाऱ्याला सांगून मी ते वेचले.

पांढुर्ण्याला नोकरीवर परतल्यावर मी त्यांना पत्र टाकलं:

'गुरुजींना साष्टांग नमस्कार. माझा घसा बिघडला आहे. डॉक्टरांनी घट्ट वरणात कालवलेला मऊ भातच खायला सांगितलं आहे. घरात सगळ्यांसमोर एकट्याला असं जेवायची लाज वाटते. रविवारी या आणि माझ्यासोबत तेच जेवा. खोटं वाटत असेल तर येताना छडी घेऊन या.'