दहिसर म्हणजे एक भात

माझ्या सॅन्टनमामाला किलोमीटर कधी कळलेच नाहीत. वसईहून दहिसर किती लांब असं कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "एक भात." घोडबंदरचा पूल म्हणजे उकडलेली अंडी. वांद्रे म्हणजे मटणाचं कालवण, तेही मटण कोवळं असेल तर.

मामाची काळी अँबेसेडर भाड्याने चालायची. नवऱ्या, बाळंतिणी, नोकरीसाठी आखातात निघालेली पोरं, आमच्या आळीतली सगळी त्या गाडीतून गेली. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कुशीत धूर बाहेर नेणारा जाड लोखंडी नळ दिसायचा आणि त्यावर तारेने करकचून बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा. झाकणाची फट कणकेने लिंपलेली, वर वाफ जायला खिळ्याने पाडलेलं एक भोक. इंजिन तापणारच आहे, मग ती ऊब फुकट का घालवायची, हा त्याचा युक्तिवाद. खरं सांगायचं तर मामा पक्का खादाड होता आणि हॉटेलात पैसे टाकायचे त्याच्या जिवावर यायचं.

इनेझमामीला हा प्रकार मुळीच खपत नसे. तिच्या हाताला अशी चव होती की लग्नघरची माणसं तिला मसाला भाजायला बोलवायला यायची. तिचा नवरा गाडीतलं खातो, ही गोष्ट तिला चारचौघांत खाली मान घालायला लावणारी वाटे. त्यात एकदा नंदाखाल गावची नवरी चर्चच्या दारात उतरली ती सुक्या बोंबलांचा वास घेऊनच. तिच्या आईने मामाला फादरांसमोर झापलं. घरी मामीने जे झापलं ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. शेवटी ती म्हणाली, "गाडीत शिजलेलं मी मेले तरी तोंडात घालणार नाय!"

एक्याऐंशीच्या एप्रिलात मामीच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात किरणांचे तीस शेक घ्यायचे ठरले, आठवड्यातून पाच. मामीचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं. डॉक्टरांनी मामाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पस्तिसाच्या खाली गेल्या तर शेक थांबवावे लागतील. शरीराला झेपणार नाही. काहीही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या."

माझं डी.एड.चं पहिलं वर्ष संपून सुट्टी लागली होती. तिला धरून बसायला मी रोज सोबत जायचे.

मामीच्या घशाखाली फक्त ताजी, ऊन, पातळ पेज उतरायची. पहिल्या आठवड्यात आम्ही घरून थर्मासात नेली. पण शेक होईपर्यंत ती घट्ट होऊन तिचा गोळा व्हायचा. मामी एक घोट घ्यायची आणि भांडं सारायची. इस्पितळाच्या कँटीनमधल्या वासानेच तिला उमासे येत. शुक्रवारी काटा छत्तिसावर आला. त्या दिवशी परतताना मामाने वसईपर्यंत एकदाही डब्यासाठी गाडी थांबवली नाही. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मला भीती वाटली.

सोमवारी शेक घेऊन मामी बाकावर टेकली, तोच मामा हातात झाकलेलं भांडं घेऊन आला. त्यातून वाफा निघत होत्या. "बेटीने पाठवली," तो म्हणाला. बेटी ही मामीची मावसबहीण, भायखळ्याला राहायची. "तिला कामावर जायची घाई होती, म्हणून वर नाय आली."

मामाची दोन बोटं काळी झाली होती आणि एकावर फोड आला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझ्यावर डोळे वटारले. मामीने एक घोट घेतला आणि भांड्यात पाहिलं. मग कपाळापासून खांद्यापर्यंत क्रूस काढला आणि सगळी पेज प्यायली.

मग हे रोजचंच झालं. मामा पहाटे पिंपातले मूठभर तांदूळ चोरायचा, डबा लिंबाने घासायचा, पेज खाली लागू नये म्हणून तळाशी केळीच्या पानाचा तुकडा घालायचा. दहिसरला "पाणी बघतो" म्हणत बॉनेट उघडून डबा हलवायचा. चौथ्या आठवड्यात एकदा पुलावरच्या खड्ड्यात तार तुटली आणि पेज रस्त्यावर सांडली. त्या दिवशी बेटीला ताप आला. काटा साडेपस्तिसावर गेला. दुसऱ्या दिवसापासून डब्याला दोन तारा लागल्या आणि ताप आलेली बेटी एका रात्रीत खडखडीत बरी झाली.

घरी मामी रोज संध्याकाळी ओट्यावर सूप घेऊन बसायची आणि तांदूळ निवडायची. मला राग यायचा. स्वतःला भाताचं शीत गिळता येत नाही आणि बाई खडे कसले वेचते! "मामी, जरा पड गो," मी म्हणायचे. "हाताला चाळा," ती म्हणायची.

तिसाव्या शेकाच्या दिवशी काट्याने सदतीस दाखवले. डॉक्टर खूश झाले. "काय खाल्लंत?"

"हिची मावसबहीण, बेटी म्हणून..." मामाने सुरुवात केली.

"बेटीला साधा चहा जमत नाय, डॉक्टर," मामी म्हणाली. "पेज ह्यांनी गाडीत शिजवली."

मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गाडीत बसेपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला. मग मागे वळून विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. दाताखाली खडा आला." मामी पदराने वारा घेत होती. "जन्मात कधी तांदूळ निवडलेत तुमी? घशात आधीच जखम, त्यात खडा गेला असता म्हंजे? मग रोज मीच निवडून पिंपात वर ठेवत होते. तुमी वरचेच घेणार, ठाऊक होतं मला."

मामाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो हमसून रडायला लागला. कपाळ नेमकं हॉर्नवर पडलं. गाडी भोंगा वाजवत उभी राहिली आणि इस्पितळाचा वॉचमन दंडुका घेऊन धावत आला. मी रडू की हसू ते मला कळेना.

मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता, चला," ती म्हणाली. "दहिसरपर्यंत भूक लागेल मला. डबा लावलाय ना?"