जंगूदादांची रिकामी पाकिटं

जंगूदादा माझ्या एका नियमापायी गेले.

आज वर्ष झालं. ग्रुपवर सगळ्यांनी त्यांचा तो हसरा फोटो टाकलाय, खाली हात जोडलेत. माझं नुसते हात जोडून भागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं चाकूरला मेडिकल आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा-सात जण, लातूरचे आणि नांदेडचे, इस्लापूरच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी शाळेच्या व्हरांड्यात मोफत दवाखाना लावतो. डॉक्टर तपासतात, मी गोळ्या देते.

पेशंट सगळे डोंगरावरच्या गुड्यांमधले. गुडा म्हणजे गोंडांची वस्ती.

आणि जंगूदादा म्हणजे आमचा अर्धा दवाखाना. शनिवारी गुड्यागुड्यात फिरून सांगायचे, "उद्या डॉक्टर येऊन राहिले." रविवारी सकाळी आमच्या गाडीची वाट बघत नाल्याजवळ उभे. गाडी दिसली की हात जोडून "जय सेवा", म्हणजे गोंडांचा रामराम.

गोंडी आमच्यातल्या एकालाही येत नाही. दादाच पेशंटचं आम्हाला सांगायचे, आमचं पेशंटला.

एकदा एक बाई पाच मिनिटं बोलली. दादा म्हणाले, "पोट दुखते म्हणते."

"एवढंच बोलली होय?"

"बाकीचं सुनेबद्दल होतं मॅडम. त्याला गोळी न्हाई तुमच्याकडं."

दादांना स्वतःला बीपी होतं. म्हणजे आमचेच पेशंट.

आता तो नियम.

लोक गोळ्या नेतात आणि खात नाहीत, हे मला दुकानात बसून पक्कं माहीत. म्हणून मी ठरवलं, गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवा, तरच नवीन मिळेल. सगळ्यांनी वाहवा केली. मीही चढले हरभऱ्याच्या झाडावर.

त्याच सुमारास दादांनी विचारलं होतं.

"वरच्या गुड्यात माझी थोरली बहीण हाय, रामबाई. बीपीनं एक बाजू गेली तिची. तिला बी ह्या गोळ्या द्या की."

डॉक्टर म्हणाले, "बघितल्याशिवाय कशा देणार? खाली आणा त्यांना."

"बाजेवर घालून आणावं लागते. चार माणसं लागतात. तीन तासांची वाट हाय."

"मग आणा चार माणसं," मी म्हणाले.

आपण वर जाऊ, असं आमच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. संध्याकाळच्या आत नांदेड गाठायचं असायचं ना!

दादा "बरं" म्हणाले. परत विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

दादांची पाकिटं दर वेळी रिकामी. एक गोळी शिल्लक नाही. "शिका जरा दादांकडून," म्हणून मी ती रांगेतल्या लोकांना दाखवायची.

आणि बीपी मात्र उतरायचं नाव घेईना.

"दादा, मीठ खाता ना? खरं सांगा."

"न्हाई मॅडम."

"दारू?"

"न्हाई हो."

चारचौघांत विचारलं मी हे. डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या. पुढच्या वेळी दोन्ही पाकिटं रिकामी, आणि बीपी होतं तिथंच.

मागच्या वर्षीच्या त्या रविवारी नाल्याजवळ दादा नव्हते.

दोन बाया पळत आल्या. दादा पायवाटेवर पडले होते. तोंड वाकडं, एका हातात जीव नाही. आम्ही उचलून गाडीत घातलं.

डोकं माझ्या मांडीवर होतं. बोलता येत नव्हतं. चांगला हात सारखा शर्टाच्या खिशाकडं जायचा.

हॉस्पिटल यायच्या आधीच संपलं सगळं.

खिशात दोन रिकामी पाकिटं होती.

मी रडत रडत सगळ्यांना सांगितलं, "बघा, शेवटपर्यंत गोळी चुकवली नाही माणसानं." असं बोलले मी!

चार दिवसांनी आम्ही भेटायला वर गेलो. पहिल्यांदाच. तीन तास चढ, मी दोनदा वाटेतच बसले. दादांची मुलगी सुमन सोबत होती.

रामबाईआत्या बाजेवर पडून होत्या. रडून आवाज बसलेला. मला बघून गोंडीत काहीतरी म्हणाल्या. मी सुमनकडं वळले.

"काय म्हणतात गं?"

"आत्या विचारते, आता तिच्या गोळ्या कोण आणणार."

"कुठल्या गोळ्या?"

आत्यांनी उशाखालचा डबा काढला. आत दोन पाकिटं, एखादा रविवार चुकला तर म्हणून मी दादांना जास्तीची दिलेली, चार-चार गोळ्या उरलेल्या. पाकिटावर पेनानं काढलेला सूर्य. सकाळच्या गोळीची ती खूण माझ्याच हातची.

यंत्र काढून आत्यांचं बीपी मोजलं.

एकशे तीस, चौऱ्याऐंशी.

ज्या आकड्यासाठी मी दादांवर महिनोन्‌महिने ओरडले, तो इथं होता.

सुमन म्हणाली, "मी म्हणलं होतं बाबाला, तू बी खात जा. तर म्हणे, ती पडून हाय. मी तर चालून राहिलो अजून."

दादा माझ्याशी एक शब्द खोटं बोलले नव्हते. मीठ खात नव्हते, दारू पीत नव्हते. गोळी कोण गिळतं, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.

आता दर महिन्याला आमच्यातले दोघं वर जातात. पाकिटाचा नियम बंद केला. शहाणपण आलं, पण केव्हा!

आज मी वर जाऊन आले. आत्यांना पन्नासदा सांगून झालंय की रिकामी पाकिटं लागत नाहीत. तरी मला बघताच त्यांनी डबा उघडला आणि दोन पाकिटं माझ्या हातावर ठेवली.

सुमन म्हणाली, "राहू द्या मॅडम, घ्या. बाबानं सांगून ठेवलंय तिला, रिकामं दिल्याशिवाय मॅडम नवीन देत न्हाईत."

घेतली मी. हे लिहिताना समोरच आहेत.

दादा, माफी मागायला तोंड नाही मला. आत्यांच्या गोळ्या मी पोचवते. तुम्ही लई चाललात, आता बसा निवांत.

जय सेवा, जंगूदादा.