मुंगीची बिघाडवही

खरं सांगायचं तर मी त्याला फारसा ओळखत नव्हतो. आमची दारं समोरासमोर, आणि तीन वर्षांत जे काही बोलणं झालं ते बहुतेक लिफ्टची वाट बघताना. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला मेकॅनिक म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. इमारतीची लिफ्ट बंद पडली की लोक त्याच्याकडे असे बघत, जणू यानंच ती घरी नेऊन ठेवलीय. पुढची हकीकत थोडी त्यानं सांगितली, थोडी त्याच्या बायकोनं, उरलेली मी जुळवली. चुकलं असेल तर ते माझं.

मेकॅनिकची मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिला मुंगी म्हणायचे. सहा महिन्यांची असताना एका सकाळी ती दूध पिता पिता थांबली. डोळे एका बाजूला वळले आणि डावा हात झटके देऊ लागला. मिनिटभरानं सगळं थांबलं. मेकॅनिकचं काळीज मात्र दोर तुटलेल्या लिफ्टसारखं तळाला गेलं. वास्तविक दोर असे तुटत नाहीत, हे तो लोकांना चौदा वर्षं समजावत आला होता.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी अपस्मार म्हणून सांगितलं, दोन वेळचं औषध दिलं आणि म्हणाल्या, “प्रत्येक झटका लिहून ठेवा. कधी आला, किती वेळ, कुठल्या बाजूला.”

एवढं ऐकून त्याच्या जिवात जीव आला. औषधातलं त्याला काही कळत नव्हतं, पण बिघाडाची नोंद ठेवण्यात त्याचा हात कोण धरणार? कामावरून त्यानं एक कोरी बिघाडवही आणली. रकाने छापलेलेच होते: वेळ, बिघाड, संभाव्य कारण, केलेली कारवाई, सही.

“सकाळी ७.१०. डावीकडे झटके, एक मिनिट पाच सेकंद. कारण अज्ञात. कुशीवर झोपवले, तोंडात काही घातले नाही. आपोआप पूर्ववत.”

इथवर ठीक होतं. पण माणूस धसका घेतलेला.

“दुपारी ४.२०. संपूर्ण अंगास हादरा, एक सेकंद. कारण शिंक. पुसले.”

“सायंकाळी ६. दर चार सेकंदांनी धक्का. कारण उचकी. आजीकडे सोपवले.”

आजी म्हणजे त्याच्या सासूबाई. लेकीच्या मदतीला म्हणून आलेल्या, त्या राहूनच गेल्या होत्या. एकदा त्यांनी वहीत डोकावलं.

“जावईबापू, खाली सही कसली ठोकताय?”

“सही नसली तर नोंद धरत नाहीत, आई.”

“कोण धरत नाही?”

मेकॅनिकनं वही स्वतःकडे ओढली आणि सही केलीच.

पण जी काळजी त्याला आतून कुरतडत होती तिच्यासाठी वहीत रकाना नव्हता. मुंगी बसेल का, बोलेल का, शाळेत जाईल का? खालच्या मजल्यावर तिच्याच वयाचा एक नातू होता आणि त्याची आजी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायची, “आमचा तर भिंत धरून उभा राहतो हो! तुमची काय करते?” दोन-तीनदा हे ऐकल्यावर मेकॅनिक जिन्यानं येऊ-जाऊ लागला. लिफ्टवाला धापा टाकत चार मजले चढतोय हे बघून लोकांना भलताच संशय आला. पंधरा दिवस लिफ्टमध्ये कोणी पाऊल ठेवेना.

मुंगीला दहावा महिना लागला तेव्हा तिघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वही वाचायला घेतली. शिंकेपाशी त्यांनी ओठ दाबले, उचकीपाशी हसू फुटलंच. शिंका-उचक्या बाजूला काढून त्यांनी मोजलं. आधी आठवड्याला चार-पाच झटके होते, गेल्या तीन आठवड्यांत एकच.

“औषध लागू पडतंय,” त्या म्हणाल्या. “बरं, मान कधी धरली? पालथी कधी पडली? खदखदून हसते का?”

मेकॅनिकनं वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली.

“यात नाही ते.”

“का?”

“नीट चाललेल्या लिफ्टची नोंद नसते, डॉक्टर.”

बायकोनं कपाळावर हात मारला आणि घडाघडा सांगून टाकलं. मान पाचव्यात धरली, ही वही यायच्या आधीच. पालथी आठव्यात पडली. “आणि हसली कधी म्हणाल, तर यांच्या पायावर पाना पडला आणि हे एका पायावर नाचले तेव्हा. त्याआधी नुसती गालात हसायची.”

पाना कधी पडला ते मेकॅनिकच्या अंगठ्याला पक्कं आठवत होतं. त्यानं त्या तारखेचं पान काढलं आणि त्याचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी वही ओढून मोठ्यानं वाचलं, “सकाळी ९.३०. पोट व खांदे थरथरले, अनोळखी आवाज, बारा सेकंद. कारण अज्ञात. निरीक्षणाखाली ठेवले.”

“अहो, पोरीचं हसू बिघाडात घातलंत!” बायको म्हणाली.

त्याला हसावं की रडावं कळेना. मग मांडीवरच्या मुंगीकडे न बघता त्यानं विचारून टाकलं, “डॉक्टर, ही पुढे बाकीच्या मुलांसारखी होईल ना?”

“आज नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “थोडी मागे आहे. बसायचे व्यायाम सुरू करू. काही मुलं गाठतात, काहींना मदत लागत राहते. होईलच असं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही.”

लिफ्ट पुन्हा बंद पडणार नाही ना, असं लोक त्यालाही रोज विचारत. सांगता येत नाही म्हटलं की अंगावर येत. तो डॉक्टरीणबाईंच्या अंगावर गेला नाही. व्यायाम कसे करायचे ते त्यानं दोनदा विचारून घेतलं.

घरी येऊन त्यानं पट्टीनं आणखी एक रकाना आखला: ‘नीट चालले ते’. पहिली नोंद सासूबाईंनी सांगितली, “लिहा, माझा चष्मा ओढून फेकला. काच फुटली.” त्यानं लिहिलं आणि सहीसाठी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी केलीही.

मुंगी चौदाव्या महिन्यात आधाराशिवाय बसली. दोन वर्षांची होऊन गेल्यावर चालली. झटका अधूनमधून यायचाच, शब्द चारच होते, आणि त्यातले दोन फक्त तिच्या आईला कळायचे. मग मेकॅनिकची दुसऱ्या गावी बदली झाली.

सामान गेलं त्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा तो मुंगीला कडेवर घेऊन लिफ्टमध्ये उभा होता. निरोपाचं काहीतरी बोलावं असं मनात होतं, पण मला ते जमत नाही.

“काका, खाली जायचंय?” त्यानं मला विचारलं.

“हो.”

“वेळ लागेल. हिनं सगळी बटणं दाबलीत.”

“दाबू दे की.”

“प्रत्येक मजल्यावर थांबणार ही आता.”

“मग मी जरा सरकून उभा राहतो, मला घाई नाही,” लिफ्टमध्ये शिरत मी म्हणालो.